मोहाखालचं अस्वल

“...पण भन्ते, ज्याला मरणाची भीतीच उरली नाही, तो वाघ समोर आला म्हणून हलेल कशाला?”

सफारीची उघडी जिप्सी धूळ उडवत राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरली होती. प्रश्न विचारणारा संघपाल रामटेके पुढच्या बाकावरून मागे वळून बोलत होता.

मागच्या बाकावर भन्ते रेवत आपला दुखरा गुडघा चोळत बसले होते.

“आधी वाघ येऊ दे,” ते म्हणाले.

संघपाल हसला. उत्तर त्याला पुरेसं वाटलं नाही.

तरुणपणी त्याने भन्तेंच्या विहारात काही वर्षं काढली होती. तिथे शिकला ते नागपुरात नेऊन शिकवू लागला. आवाज भरदार होता, बोलणं नेमकं होतं. माणसं जमत गेली. ‘अभय शिबिर’ हे नाव त्याचंच. यंदाचं शिबिर त्याने मुद्दाम गुरूच्या विहारात ठेवलं होतं, जंगलाच्या काठावरच्या त्या लहानशा गावात. भन्तेंनी एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढीच इच्छा. तसं तो कुणाला बोलला नव्हता.

शिबिरातली बरीच मंडळी दुसऱ्या गाड्यांतून पुढे गेली होती. या गाडीत भन्ते होते, संघपाल होता आणि मालतीताई ढोके होत्या.

मालतीताई भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. नवरा जेवता जेवता त्यांच्यासमोर गेला. तेव्हापासून त्यांना घराचं दार लावता येईना. दार लागलं की छाती भरून यायची. रात्ररात्र दार उघडं टाकून खुर्चीत बसून राहायच्या. मग लेकीने त्यांना संघपालच्या शिबिरात आणून सोडलं.

“आता मी दार लावून झोपते, भन्तेजी,” त्यांनी जिप्सीत सांगितलं. “हे सरांमुळे.”

संघपालने दोन्ही हात जोडले. नाही नाही, अशी मान हलवली.

भन्ते झाडांकडे बघत होते.

मधल्या चौकीपाशी गाडी थांबली. जंगलात तेवढ्याच ठिकाणी खाली उतरायची परवानगी असते. बाकीच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. गाईड ललिता कन्नाके नोंद करायला चौकीत गेली. ड्रायव्हर टायरला लाथा मारून हवा बघत होता.

तिघंही खाली उतरले. भन्ते पाय मोकळा करायला थोडे पुढे चालत गेले. चौकीच्या पलीकडे मोहाचं मोठं झाड होतं. खाली फुलांचा सडा पडला होता आणि त्या उग्र, गोड वासाने हवा जड झाली होती.

“सर, मी गाडीत बसते,” मालतीताई म्हणाल्या. त्यांनी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला.

तेवढ्यात मोहाच्या बुंध्याआडून काहीतरी काळं उठलं.

अस्वल.

पाठीवर पिल्लू होतं. आईच्या केसांत रुतून बसलेलं.

क्षणभर कुणीच हललं नाही. फुलं खाता खाता थांबलेलं ते जनावर मागच्या पायांवर उभं राहिलं. छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. नाकातून फुत्कार आला... आणि ते चारी पायांवर येऊन सरळ गाडीच्या दिशेने सुटलं.

“पळू नका! कुणी पळू नका!” चौकीच्या दारातून ललिता ओरडली.

संघपाल पळाला.

पळायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. पाय पळाले. गाडीला वर चढायची वाट एकच होती आणि त्या वाटेवर मालतीताई होत्या, एक पाय वर, एक पाय खाली. त्याच्या कोपराला काहीतरी मऊ लागलं. त्याने जोर लावला. ते बाजूला झालं. तो चढला आणि दोन बाकांच्या मधे अंग चोरून पडला.

खाली धप्प आवाज झाला, तो त्याने ऐकला.

मान वळवली नाही.

“काढ! गाडी काढ!” तो ओरडत होता. ड्रायव्हर तर खालीच होता.

ललिता आणि ड्रायव्हर दोघंही चौकीचा, गाडीचा पत्रा बडवत, गळा फोडून आरडाओरडा करत सुटले. अस्वल गाडीपासून दोन-तीन हात अलीकडे थबकलं. तोंडाला फेस होता. त्याने मुंडकं इकडून तिकडे हलवलं, वळलं आणि झुडपांत घुसलं. पिल्लू पाठीवर तसंच होतं.

फांद्या मोडल्याचा आवाज लांब लांब जात राहिला. मग तोही थांबला.

मालतीताई मागच्या चाकाला पाठ लावून बसल्या होत्या. दोन्ही तळहात सोलवटले होते. ललिताने धावत येऊन त्यांना पाणी पाजलं.

“कुठं लागलं का, मॅडम? अस्वलीनं धरलं का?”

“नाही... नाही धरलं.” त्यांनी वर पाहिलं. संघपाल बाकाला धरून उभा राहिला होता. “सर, तुम्ही मला बाजूला ढकललं नसतं, तर... ते माझ्याच अंगावर येत होतं जी.”

संघपालने तोंड उघडलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते.

“सगळे सुखरूप आहेत,” तो म्हणाला. “तेच महत्त्वाचं.”

भन्ते उतरून जिथे गेले होते, तिथेच अजून उभे होते. गाडी त्यांच्यापाशी नेली. ललिताने हात दिला.

“भन्तेजी, तुम्ही तर जागचे हलले पण नाही!” ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत भक्ती दाटली होती.

“गुडघा आखडला होता,” भन्ते म्हणाले. “आणि मला लघवी झाली. बाकावर काहीतरी टाक. बाक ओला होईल.”

ड्रायव्हर हसावं की नाही, या विचारात पडला. त्याने पोतं अंथरलं.

संघपालने मान दुसरीकडे वळवली. गुरूने असं चारचौघांत बोलावं, याची त्याला लाज वाटली.

दुपारी विहारात जेवणाची पंगत बसली तोवर गोष्ट सगळीकडे पसरली होती. मालतीताईंच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या. त्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या. सरांनी स्वतःचा जीव न बघता मला ढकललं. लेकीलाही फोन झाला होता. माणसं ताटावरून उठून संघपालजवळ येत होती. भन्तेंचं काय झालं तेही एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं आणि दोघांनी तोंडावर हात धरला.

संघपालने भाताचं ताट तसंच बाजूला सारलं.

जेवणानंतर तो विहाराच्या मागे गेला. भन्ते हौदापाशी बसून सकाळी नेसलेलं चीवर धूत होते.

“भन्ते, द्या इकडे. मी धुतो.”

“मी ओलं केलं. मी धुतो.”

संघपाल उभा राहिला.

“ते सगळ्यांसमोर बोलायची गरज नव्हती.”

“कोणतं?”

“...चीवराचं.”

“वास येत होता,” भन्ते म्हणाले.

पाणी वाहत राहिलं.

“भन्ते... तुम्ही पाहिलंत?”

“काय?”

“मी गाडीत चढलो, ते.”

“हो.”

“सगळं?”

“मी समोरच होतो.”

संघपाल खाली बसला.

“मग तुम्ही तिथे काही बोलला का नाहीत?”

“तू बोललास की. सगळे सुखरूप आहेत म्हणालास.”

संघपाल पुढे वाकला आणि भन्तेंच्या पायांवर डोकं टेकायला गेला. भन्तेंनी पाय ओढून घेतले, उरलेल्या कोरड्या वस्त्राखाली लपवले.

“माझ्या पायांना काही झालेलं नाही,” ते म्हणाले.

“तिला सांगू कसं, भन्ते? माझ्यावरच्या विश्वासावर ती बाई दार लावून झोपायला लागली. खरं सांगितलं तर तिची झोप जाईल.”

“तिची?”



भन्तेंनी चीवर पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. आणि ते आत निघून गेले.

संध्याकाळी पत्र्याच्या मंडपात शेवटचं सत्र होतं. संघपाल समोर बसला. डोळे मिटून थोडा वेळ थांबला. मग बोलला.

“आज सकाळी तुमच्यासमोर बसलेल्या या माणसाने एका बाईला ढकललं. वाचवायला नाही. आपल्याला आधी चढता यावं म्हणून ढकललं. अभय शिकवणारा हा माणूस सगळ्यांत भित्रा निघाला...”

तो पुढेही बोलला. भीती कुठे लपून बसते, ती आपल्याच हातापायांत कशी उठते, माणूस स्वतःला किती कमी ओळखतो. बोलता बोलता आवाज भरून आला. कुठे थांबायचं, कुठे हळू व्हायचं, हे त्याला आपोआप जमत गेलं. मंडपात कुणी हुंदका दिला.

तो थांबला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “साधु!”

“साधु! साधु! साधु!” सगळा मंडप अनुमोदन देत म्हणाला.

पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, “जीव वाचवून वर दोष स्वतःकडे घेणारा गुरू आम्हाला मिळाला. आणखी काय पाहिजे?”

माणसं उठली. रांग लागली. एकेक जण संघपालच्या पाया पडू लागला.

“अहो, नाही... मी खरंच सांगतोय,” तो म्हणाला.

त्यावर ते आणखी वाकले.

मंडपाच्या दारापाशी मालतीताई बसल्या होत्या. पट्टी बांधलेले हात मांडीवर होते. त्या रांगेत आल्या नाहीत. हातांकडे बघत राहिल्या, मग उठल्या आणि बाहेर गेल्या.

संघपालला ते दिसलं. समोर माणसं वाकत होती. तो बसून राहिला.

मंडप रिकामा झाल्यावर तो भन्तेंच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसला. आत बुद्धमूर्तीपुढे दिवा लागला होता.

“सांगितलं, भन्ते. सगळ्यांना सांगितलं.”

“ऐकलं मी. लोकांनी काय केलं?”

“...पाया पडले.”

“आणि तू?”

संघपालने उंबऱ्यावरची माती बोटाने कोरली.

“मी नको म्हणालो.”

भन्तेंनी दिव्यात तेल घातलं.

“भन्ते... मला ते गोड लागलं. सकाळी खोटं बोललो, तेव्हा लागलं नव्हतं इतकं. आज खरं बोललो आणि गोड लागलं. मी रडत होतो. रडता रडता मला कळत होतं, की आपण चांगलं बोलतोय. हे काय आहे, भन्ते? काय आहे माझ्यात हे?”

दिव्याची वात भन्तेंनी थोडी सारखी केली.

“त्या बाईंना सांगितलंस?”

“त्या तिथेच होत्या.”

“तिथे खांबही होते.”

संघपाल उठला. अंगण ओलांडून बायकांच्या खोलीपर्यंत गेला. दार लावलेलं होतं. आतून भांड्यांचा, बोलण्याचा आवाज येत होता. त्याने कडीपर्यंत हात नेला.

हात तिथून परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर संपायच्या आधीच मालतीताई निघाल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. गावाबाहेरच्या फाट्यावर एस्टीची वाट बघत पिशवीवर बसल्या होत्या. संघपाल तिथे पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. पायांत चप्पल नव्हती.

त्यांनी पाहिलं. उठल्या नाहीत.

तो वाटेत काय काय जुळवत आला होता. त्यातलं काही आठवेना.

“मालतीताई, काल मी तुम्हाला ढकललं.”

“ऐकलं ते. मंडपात सांगितलं तुम्ही.”

“तिथे मी... तिथे मी भाषण केलं.”



“मुद्दाम ढकललं?” त्यांनी विचारलं.

नाही, हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. त्याने तो गिळला.

“समोर तुम्ही आहात एवढंही तेव्हा कळलं नाही. पण तुम्ही पडलात, ते मी ऐकलं. ते कळलं. तरी मी मागे वळून बघितलं नाही. नंतर तुम्ही माझे आभार मानलेत, आणि मी ते घेतले.”

रस्त्याच्या पलीकडे बाभळीखाली गुरं उभी होती. एक माणूस सायकलवरून गेला. संघपालच्या अनवाणी पायांकडे वळून वळून बघत गेला.

“काहून सांगितलं मला हे?” मालतीताई म्हणाल्या.

“खरं आहे म्हणून.”

“तुमचं खरं तुम्ही सांगून मोकळे झाले.” आवाज चढला नव्हता. दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतात तसा तो सपाट होता. “आता मी काय करू ह्याचं? लेकीला काल फोन केला. म्हटलं, तुझे बाबा गेले तेव्हा मला धरायला कोणी नव्हतं, आज होतं. रडली ती. तिला आता काय सांगू?”

संघपालने हात जोडले. मग आपले जोडलेले हात त्यालाच नकोसे झाले. त्याने ते खाली सोडले.

“मला माफ...”

“नका म्हणू,” त्या म्हणाल्या. “आत्ता नका म्हणू. माझ्याकडून नाही होणार.”

एस्टी आली. त्याने पिशवी उचलायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी आपल्याकडे ओढली. तळहाताला झोंबलं, चेहऱ्यावर ते दिसलं. तरी त्यांनीच ती उचलली. दांडी धरली, पायरीवर एक पाय ठेवला... आणि थांबल्या.

मागे वळून पाहिलं त्यांनी. संघपाल दोन पावलं मागे सरला.

मग त्या चढल्या.

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत तो उभा राहिला.

विहारात परतला तेव्हा उन्हं वर आली होती. मंडपात माणसं त्याची वाट बघत होती, हार आणलेले होते. तो तिकडे गेला नाही. भन्ते पायरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. संघपाल खालच्या पायरीवर, मातीत बसला.

“भेटली?”

“भेटल्या.”

“काय म्हणाली?”

“माफ नाही केलं.”

भन्ते तेल चोळत राहिले.

“पाया कुणी पडलं नाही,” संघपाल म्हणाला. “गोड काहीच नव्हतं, भन्ते. तिथे उभंसुद्धा राहवत नव्हतं.”

मंडपातून कुणीतरी हाक मारली. “सर! सगळे थांबलेत!”

त्याने वळून पाहिलं नाही. गुडघ्यांत डोकं घातलं. पाठ हलू लागली. आता तिथे भन्तेंशिवाय कुणी ऐकायला नव्हतं. रडणं वेडंवाकडं येत होतं, मधेच अडकत होतं. भन्तेंनी ते आपोआप थांबू दिलं.

“सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात,” अखेर तो म्हणाला. “मी दरवर्षी शिबिरात हेच सांगत आलो. माझं का झालं नाही?”

भन्तेंनी तेलाचा हात धोतराला पुसावा तसा चीवराला पुसला. तो हात त्याच्या पाठीवर ठेवला.

“होऊ देऊ नकोस,” ते म्हणाले.